चावी माझ्याच खिशात आहे

कुरुळी,
गुरुवार, दुपार

आदरणीय नदीम मामू,

तुमच्या धाकट्या भाचीचा, अल्फियाचा, सलाम. गुडघा कसा आहे? मुमानींची शुगर? राजगुरुनगरला तुमच्या स्पेअर पार्टच्या दुकानासमोरचा खड्डा बुजवणार होते, तो बुजवला का? (बुजवला असेल तर तुमच्या धंद्याचं नुकसान झालं, त्याबद्दल मनापासून वाईट वाटतं.) इकडे सगळे बरे आहेत. अब्बा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पिंपळे गुरवला फरहीनआपाकडे आहेत. डोळ्यावर पट्टी असताना नुसत्या आवाजावरून त्यांनी आपाचा मिक्सर खोलला, आणि तेव्हापासून आपा पाट्यावर चटणी वाटते आहे. गॅरेज सध्या माझ्या एकटीच्या अंगावर आहे. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता, शेजारी मुमानी असतात, आणि मुमानींनी ऐकलेलं संध्याकाळपर्यंत चाकणला पोचतं. (मुमानी, हे पत्रही आपणच वाचत असाल तर माफी असावी. शुगर मी खरोखर काळजीने विचारली आहे.)

गोष्ट चिमाजीकाकांच्या गाडीची आहे. चिमाजीकाका म्हणजे तुमच्याच वर्गातले, ज्यांची जमीन कंपनीला गेली. त्या पैशातून त्यांच्या मुलाने, गणराजने, मुंबईच्या एका हौशी माणसाकडून जपानी स्पोर्ट्स कार आणली होती. पांढरी, टर्बोवाली, आणि इतकी बसकी की गावातल्या प्रत्येक स्पीडब्रेकरला शेजारी बसलेल्या मित्राला खाली उतरावं लागायचं. जगात कुठेही वाऱ्यासारखी पळणारी ती गाडी आपल्या रस्त्यावर कंटेनरच्या मागे बैलगाडीच्या चालीने जायची. गणराज डेंग्यूने गेला. (गाडीने नाही. गावात काही लोक तसं सांगतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.) त्यानंतर बॅटरी उतरू नये म्हणून त्याचा मित्र सनी गाडी सुरू करून ठेवायला आला. थोड्या वेळाने चावी फिरवली, काढली, दारं लॉक केली आणि पडवीत पाणी प्यायला बसला. गाडी चालूच. आत कोणी नाही, चावी सनीच्या बोटात, आणि इंजिन आपलं चाललंय. मग आपोआप बंद पडलं आणि गाडीने मोठा उसासा टाकला. सनीने तांब्या तिथेच टाकला. तो अजून त्या घरी गेलेला नाही.

मामू, तुम्हाला यातलं कारण कळलं असेल. टर्बो तापून लाल होतो, इंजिन एकदम बंद केलं तर त्यातलं तेल करपतं, म्हणून शौकीन लोक एक छोटी डबी बसवतात. चावी काढली तरी डबी इंजिन थोडा वेळ चालू ठेवते आणि मग बंद करते. पण हे मला गाडी खोलल्यावर कळलं. चिमाजीकाका आले तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की इंजिनातून आतून कोणीतरी दार ठोठावल्यासारखा आवाज येतो, आणि मी म्हटलं, बेअरिंग गेलं असणार.

"मग बांधून टाक पोरी एकदाची," काका म्हणाले. "परत उठाया नको."

आता आपल्या धंद्यात इंजिन खोलतात आणि बांधतात. अब्बांनी मला शाळेच्या आधी, याच गॅरेजात, पार्टच्या खोक्यांवरची अक्षरं दाखवून वाचायला शिकवलं, तेव्हापासून बांधणं या शब्दाला माझ्या डोक्यात दुसरा अर्थच नाही. मी म्हटलं, काका, अशी बांधते की पुन्हा तक्रार येणार नाही. त्यांनी विचारलं, बांधताना आमी समोर पायजे का? मी म्हटलं, कोणीच नको, जागा एकदम स्वच्छ लागते. त्यांनी विचारलं, वार कुठला? मी म्हटलं, गुरुवार सोडून कुठलाही. (गुरुवारी लाइट नसते.) त्यांनी फार गंभीरपणे मान हलवली. जाताना नारळ, लिंबं आणि काळा दोरा ठेवून गेले. मला वाटलं, गाडीला बांधायला दिलंय. लिंबं मी सरबताला वापरली. काका दारात थांबून म्हणाले, "मंडळी संध्याकाळची घरात नसती. गाडीपाशी बसून बडबडत असती. घरात दोघंच हाओत आमी. बांधून जर ऱ्हायली न्हाई, तर गाडी भंगारात देनार." मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, बोलतो काहीतरी. मी त्यांना खात्री दिली. मामू, मी खात्री दिली.

मग मी कामाला लागले. रात्रंदिवस टिकेल असं इंजिन करायचं, पळवायचं नाही, असं ठरवलं. ताकद वाढवायची नाही, टर्बोचा दाब कंपनीने ठेवला होता तेवढाच. ब्लॉकला तडा आहे का ते तपासून घेतलं, क्रँक भोसरीत घासून घेतला, बेअरिंग, रिंगा, ऑइल पंप सगळं नवीन. प्रत्येक नट मापाने आवळला आणि मग, कोणी पाहत नाही असं बघून, पुन्हा एकदा तपासला. उसासा टाकणारा व्हॉल्व्ह बंद पाइपात वळवला, म्हणजे हवा बाहेर सुटून आवाज होणार नाही. डबीच्या वायरी करपलेल्या निघाल्या. अशा वायरीने गाडी पेटते, म्हणून डबी काढूनच टाकली. अब्बांचा नियम तुम्हाला माहीत आहे, काढलेला प्रत्येक पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा आणि तो काय होता ते सांगायचं. म्हणून सगळं पिशवीत भरून ठेवलं.

पिशवी घ्यायला काका आले नाहीत. सोजराबाई आल्या, गणराजची आई. दारातच म्हणाल्या, "बांधू नगंस." मी म्हटलं, काकू, बांधून झालं की. त्या मटकन स्टुलावर बसल्या, आणि त्या क्षणी मला लिंबांचा अर्थ कळला.

मी घाबरून त्यांना डबी दाखवली. सगळं समजावलं. भूत नाही, बाधा नाही, ही एवढीशी वस्तू चावी काढल्यावर गाडी चालू ठेवत होती. माझा विचार असा की खरं सांगितलं की माणसाला बरं वाटतं. सोजराबाई म्हणाल्या, "डबी हाय ते ठावं हाय मला. गन्यानंच दाखिवली व्हती. यडी हाईस का तू? आगं, येळ त्यानं लावलाय तिच्यात. त्याच्या बोटानं."

मामू, इंजिनाला हात लावण्याआधी पहिली गोष्ट काय करतात? बॅटरीची वायर काढतात. तुम्हीच शिकवलंत. आणि बॅटरीची वायर काढली की त्या डबीत लावलेला वेळ पुसला जातो. मी सगळं बरोबर केलं आणि पहिल्याच बरोबर गोष्टीने ते गेलं. त्यांना तसं सांगितलं. विचारलं, किती मिनिटं होती? नवीन डबी आणून तेवढीच लावून देईन. त्या म्हणाल्या, "न्हाई ठावं. माझं सांगून व्हायचं, तवा बंद पडायची."

काल त्यांच्यासमोर इंजिन पहिल्यांदा सुरू केलं. आवाज असा की अब्बांनी पट्टीआडून शाबासकी दिली असती. मग मी चावी फिरवली, काढली आणि एप्रनच्या खिशात टाकली.

इंजिन चालू राहिलं.

डबी समोर पिशवीत होती. तिच्या वायरींची टोकं माझ्या हाताने टेप लावून बंद केलेली होती. सोजराबाईंना काहीच नवल वाटलं नाही. त्यांनी स्टूल गाडीच्या दाराशी ओढलं आणि काचेकडे बघत सांगायला लागल्या. म्हैस विकली. तुझ्या बहिनीला, विजयश्रीला, दिवस गेलेत, सातवा लागला. तुझा बाप जेवत न्हाई नीट, माझ्यावर डाफरतो, पन तुझी चप्पल अजून उन्हातनं उचलून आत ठिवतो. शेवटी म्हणाल्या, "बरं, चल मग." आणि इंजिन बंद पडलं. मग उसासा. जो व्हॉल्व्ह मी बंद केलाय, त्यातून.

त्या गेल्यावर मी मीटर लावून एकेक वायर तपासली. रिले बदलून पाहिला. कुठेही काही नाही. गाडी परवा न्यायची आहे, आणि मी खात्री दिलेली आहे. अब्बांना सांगितलं तर ते पट्टी काढून येतील. म्हणून तुम्हाला लिहिलं. वडीलधाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आपली भाची,
अल्फिया

ता.क. खरं काम असं आहे. परवा चिमाजीकाका मला विचारतील, "बांधली का?" इंजिन बांधलंय, त्यामुळे हो म्हणणं खरं आहे. पण ते कुठल्या अर्थाने विचारतात हे मला माहीत आहे, म्हणून माझ्या तोंडून ते निघणार नाही. तुम्ही त्यांचे वर्गमित्र आहात आणि (अम्मी सांगते त्याप्रमाणे) तुम्हाला अशा बाबतीत पूर्वीपासून सराव आहे. तुम्ही येऊन सांगा की गाडी बांधली, आता तिला भंगारात द्यायचं कारण नाही. आणि शक्य झालं तर हेही सांगा की संध्याकाळी त्यांनीही एक स्टूल घेऊन बाहेर बसावं. मीटर आणू नका.

ता.क. २. पत्र एवढं लांबलं याबद्दल माफी. आज लाइट नाही, आजूबाजूच्या वर्कशॉपमधले पत्रा ठोकणारे सगळे प्रेस बंद आहेत, इतकं शांत की रस्त्यावरचा माणूस खाकरला तरी ऐकू येतं. म्हणून म्हटलं, इंजिन पुन्हा एकदा पाहावं. सुरू केलं, चावी काढून खिशात टाकली, आणि आत बसून तुम्हाला लिहायला घेतलं. (शटर उघडं आहे, धूर बाहेर जातोय, काळजी नसावी.) मी पुटपुटत लिहिते हे तुम्हाला माहीतच आहे. 'आदरणीय मामू' पासून इथपर्यंत गाडी चालूच आहे. मध्येच उठावं असं दोनदा वाटलं, पण अर्धवट सोडून उठणं बरं दिसलं नसतं. आता मात्र सांगण्यासारखं काही उरलेलं नाही.

ता.क. ३. थांबली.