लिफ्ट वाढवण्यामागची शुद्ध तांत्रिक कारणे

२४ ऑगस्ट २०२५, रविवार. गाव.

आजपासून नोंदी ठेवणार. फक्त तांत्रिक. भावना लिहायच्या नाहीत, कारण त्या नाहीत.

विषय: आमच्या वडिलांची, आबांची बुलेट. १९८६ ची, ओतीव लोखंडाच्या इंजिनची. आबा तेव्हा फौजेत नायक होते. सुट्टीवर आले, विहिरीवर मोटर बसवायची सोडून ही घेऊन आले. अजूनही संध्याकाळी चालू करून ठेवतात आणि ओसरीवर डोळे मिटून ऐकत बसतात. म्हणतात, हिच्या दोन ठोक्यांच्या मधी मानूस तंबाखू मळून घील.

शंभूराज, माझा धाकटा भाऊ, महाबळेश्वरच्या एका हॉटेलात भागीदार आहे. त्याला ही गाडी हॉटेलच्या गेटवर सिमेंटमध्ये रोवायची आहे. हँडलला प्लॅस्टिकच्या स्ट्रॉबेऱ्या. पर्यटक वर बसून फोटो काढणार. जेवताना त्याने मोबाइलवर नमुना दाखवला.

माझ्या हातून तांब्या सुटला. तांब्याला पोचा आला. शंभूच्या कपाळालाही. रागाने नाही. हात ओला होता.

आबांनी हात धुतला आणि निकाल दिला. गाडी राजेची (म्हणजे माझी) न्हाई, शंभ्याची न्हाई. दसऱ्याला शिवंवरनं सोनं आणून जो पयला माझ्या हातात दील, त्याची. तू बुलेटवर, तो त्याच्या गाडीवर.

शंभूची गाडी नवी आहे, चपळ आहे. तो म्हणाला, तायडे, तू आत्ताच चालत निघ, म्हंजे दसऱ्यापतोर पोचशील.

मी कुपवाडला शाफ्ट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. मायक्रॉनमध्ये मोजते. हा माझा विषय आहे.

२६ ऑगस्ट. माधवनगर.

बुलेट चालवत खोलीवर आणली. पर्यायांचा तक्ता केला.

अ: कॅम जुनाच, झडप दाबणारे रॉकर जास्त रेशोचे. 
ब: कॅम घासून घेणे, लिफ्ट अर्धा मिलिमीटर जास्त. 
क: रेसिंग कॅम, लिफ्ट दोन मिलिमीटर जास्त. फक्त वेड्यांसाठी.

निवड: ब. सौम्य. खालची ताकद राहते, वरची थोडी वाढते. निर्णय पक्का. बदलणार नाही.

घरमालकीण भामाबाईंनी विचारलं, ह्ये काय गं मांडलंयस? सोप्या भाषेत सांगितलं, कॅम म्हणजे इंजिनची दारं उघडणारा दांडा, लिफ्ट म्हणजे दार किती उघडतं ते. दार जास्त उघडलं की हवा जास्त आत येते, जोर वाढतो. त्या म्हणाल्या, दार जास्ती उघडं ठिवलं की मांजार बी आत येतंय.

तांत्रिक पार्श्वभूमी नसलेल्या माणसांशी चर्चा टाळणे.

३० ऑगस्ट.

शंभूचा व्हिडिओ आला. हॉटेलचं गेट, शेजारी खणलेला खड्डा. खाली लिहिलंय, तायडे, खड्डा तयार हाय, गाडी कवा आणतीस?

मोबाइल भिंतीला लागला. स्क्रीन गेली. भिंतीचा गिलावाही थोडा गेला. भिंत आधीच ओलसर होती.

फेरविचार: लिफ्ट एक मिलिमीटर जास्त. कारण: सांगलीपेक्षा आमच्या गावची हवा विरळ.

७ सप्टेंबर, रविवार.

इंजिन उघडलं. टायमिंग कव्हर निघेना. मॅन्युअलमध्ये नायलॉनची हातोडी सांगितली आहे. नव्हती. भामाबाईंचा वरवंटा होता.

कव्हर निघालं. वरवंट्याचे दोन तुकडे झाले. एक तुकडा न्हाणीच्या पत्र्यातून आरपार गेला. आत कोणी नव्हतं. भामाबाई म्हणाल्या, आत मी जाणार हुते, भवाने! आणि झाडू फेकला. नेम उत्तम. डावा कान अजून गरम आहे.

मी अजिबात चिडले नाही. झाडू परत फेकला, तो केवळ परत करण्यासाठी.

१२ सप्टेंबर.

कारखान्यात कॅम ग्राइंडिंगला सयाजी आहे. म्हणाला, मॅडम, पितरपाठ चालू हाय, नवं काम धरू नये. मी म्हणाले, नवं नाही, जुनाच कॅम आहे, घासायचा आहे. तो म्हणाला, मग काय हरकत न्हाई, घासू. सयाजी कशालाच हरकत घेत नाही. चांगला माणूस.

दुपारी डिझाइनमधला सुमंत येऊन ड्रॉइंग बघून गेला. जाता जाता म्हणाला, एवढा खटाटोप कशाला, मॅडम, एखादी स्कूटी घ्या की.

नंतर त्याचा डबा बेंच व्हाइसमध्ये सापडला. चपटा. भाजी बहुधा दोडक्याची असावी. मॅनेजरने मला विचारलं. मी सांगितलं, व्हाइस नीट आवळतो का ते तपासत होते. आवळतो.

फेरविचार: लिफ्ट दीड मिलिमीटर. कारण: ग्राइंडिंगमधली संभाव्य त्रुटी आधीच धरलेली बरी.

१५ सप्टेंबर.

सकाळी शंभूचा फोन. आबांना स्ट्रॉबेऱ्या दावल्या, तायडे. हसले म्हातारबाबा. म्हनाले, दिसत्यात झ्याक.

आबा हसले. ठीक आहे. मी शांतपणे चहा घेतला. कप बशीसकट नाल्यात गेला.

सयाजीला सांगितलं, दोन मिलिमीटर. तो म्हणाला, लय भारी!

हा क नाही. हा ब च आहे, सुधारित.

२१ सप्टेंबर, रविवार.

जुळणी पूर्ण. एक तपासणी राहिली. नियम असा की लिफ्ट वाढवल्यावर पिस्टनच्या डोक्यावर मऊ काहीतरी थापायचं, इंजिन हाताने फिरवायचं, आणि झडप पिस्टनच्या किती जवळ येते ते त्या थराच्या जाडीवरून मोजायचं. कणीक चालते. ट्रेनी मुलांना हे मीच शिकवते.

कणीक मागायला गेले तर आज सर्वपित्री. भामाबाई म्हणाल्या, पितरांच्या कणकीला त्यो काळा हात लाव, मनगटापासनं तोडीन. हातात विळी होती, त्यामुळे विधान गंभीर धरलं.

कणकेची गरज नाही. मी गणित केलं आहे. गणिताप्रमाणे झडप आणि पिस्टन भेटत नाहीत.

चालू केली. पहिल्या किकला किक उलटी आली. मी हवेत गेले आणि भामाबाईंच्या धुण्याच्या दगडावर उतरले. घोटा सुजला. दुसऱ्या किकला सायलेन्सरमधून जाळ. दोरीवरच्या लुगड्याला भोक. तिसऱ्या किकला इंजिन चालू झालं आणि भामाबाई माझ्या अंगावर धावून आल्या, त्यामुळे आयडलिंग नीट ऐकता आलं नाही. जे ऐकू आलं त्यावरून, ते नाही. मूठ सोडली की बंद.

हे अपेक्षित आहे. शर्यतीत मूठ कोण सोडतं?

२८ सप्टेंबर, रविवार. गाव.

सांगलीहून गावी चालवत आले. ऐंशीच्या वर अशी पळते की अंगावर काटा आला. इस्लामपूरच्या पुढे मी मोठ्याने हसले. डोळ्यांत पाणी आलं, वाऱ्यामुळे.

ऐंशीच्या खाली नऊ वेळा बंद पडली. पेठ नाक्यावर बंद पडली तेव्हा मागच्या मोटारवाल्याने हॉर्न धरून ठेवला. त्याचा आरसा माझ्या बुटाला लागला. दोनदा.

दारात आले. आबा ओसरीवर डोळे मिटून तयार बसले होते. गाडी ठोका चुकवत, धडपडत, खोकत उभी राहिली. आबांनी डोळे उघडले. बराच वेळ बघत होते. मग विचारलं, राजे, हिला ताप आलाय का गं?

मी त्यांना व्हॉल्व्ह ओव्हरलॅप समजावून सांगितला. ते म्हणाले, बरं. आणि आत जाऊन निजले. दिवस मावळला नव्हता.

दसऱ्याला कळेल त्यांना.

१ ऑक्टोबर. खंडेनवमी.

पहाटे जाग आली ती झडपेच्या विचाराने. गणितात मी बेस सर्कल, म्हणजे कॅमचा घासून लहान होणारा गोल भाग, जुनंच धरलं होतं का? बहुधा नाही. पण खात्री केलेली बरी. आई कणीक द्यायला तयार होती. पितर गेले होते.

उठून बघते तर पाटावर माझे सगळे पाने, टॉर्क रेंच, फीलर गेज, आबांची कुकरी, विळे, कोयता, सगळं ओळीने. हळदकुंकू, झेंडू. मायक्रोमीटरला अक्षता. मी दहा-अकराचा पाना उचलायला वाकले. आबांची काठी मनगटावर बसली. आज हत्याराला हात लावायचा न्हाई. फौजेत बी लावत न्हवतो.

शंभू म्हणाला, आबा, तिच्या हाताला बी हळदकुंकू लावा, त्ये बी हत्यारच हाय.

नारळ हत्यारात मोडत नाही. शंभूच्या खांद्यावर बसला. फुटला नाही. दोघेही टणक. मग त्याने माझी वेणी धरली, मी त्याचा कान. पूजेचं ताट उपडं झालं. आईने दोघांना एकच वेताची छडी वापरून वेगळं केलं. वय वर्षे सत्तावीस आणि पंचवीस.

तपासणी राहिली. गणित आहेच.

२ ऑक्टोबर. दसरा.

मनगट दुखतं आहे. तरी सविस्तर लिहिते, कारण गावात चुकीच्या गोष्टी पसरतील.

वाट: घरापासून शिवेवरच्या आपट्यापर्यंत आणि परत. शंभूकडे गाडी होती. माझ्याकडे आकडे होते. आकड्यांत एक गोष्ट धरायची राहिली: रस्ता. वाटेत खड्डे, गतिरोधक, उसाची ट्रॉली, पालखी आणि पालखीपुढे लेझीम. ऐंशी सोडा, विसाच्या वर जाता येईना. बुलेट दर गतिरोधकावर बंद. दर वेळी किक. दोनदा उलटी आली. लेझीमची पोरं प्रत्येक किकला ताल धरू लागली.

शिवेवर पोचले तेव्हा शंभू आपट्याची फांदी तोडून, झाडाला टेकून उभा होता. मुद्दाम थांबलेला. म्हणाला, तायडे, दम खा जरा, म्हशीगत फुरफुरतीयास.

फांदीने सुरुवात कोणी केली यावर मतभेद आहेत. माझ्या फांदीचा पाला गेला, त्याच्या ओठातून रक्त आलं. त्याच्या फांदीने माझ्या गालावर वळ. मग आम्ही फांद्या टाकल्या आणि चिखलात हाताने पुढे चालू केलं. पालखी थांबली. सरपंच म्हणाले, आरं, सोनं लुटायचं अस्तंय, एकमेकाला न्हवं!

त्या गडबडीत मी त्याचीही फांदी उचलली आणि निघाले.

परतीला कालव्याकडेचा रस्ता सरळ आणि रिकामा होता. मूठ पूर्ण पिळली. साठ, सत्तर, ऐंशी. इंजिन गाऊ लागलं. मी शंभूच्या पुढे होते. हे नोंदवून ठेवते: मी पुढे होते.

मग झडप आणि पिस्टन भेटले.

आवाज तोफेसारखा. रॉकर कव्हर फोडून रॉकर बाहेर आला, माझ्या कानाजवळून गेला आणि गावातल्या आकारामच्या उसात पडला. पुशरॉड नांगीसारखा वर. गरम ऑइल मांडीवर. इंजिनला खाली मुठीएवढं भोक. गाडी कालव्याच्या भरावावर आडवी, मी तिच्यापुढे दहा फूट.

उठून पळाले. शंभूने गाडी टाकली आणि मागून पळत येऊन माझी ओढणी धरली. का टाकली, कळलं नाही. ओरडत होता, तायडे, लागलंय तुला, थांब. मी त्याच्या नडगीवर लाथ मारली. दोघे एकमेकांची गचांडी धरूनच ओसरीत शिरलो. मी आबांच्या हातात पाला ठेवला. पहिली मी.

आबांनी पाला डोळ्यांना लावला. म्हणाले, सोनं राजेचं पयलं. गाडी राजेची. मग आमच्या मागे दाराकडे बघितलं. आनि गाडी कुठं हाय?

आबांनी दोघांना एकमेकांना सोनं द्यायला लावलं. सोनं घे, सोन्यासारखा राहा, असं शंभूला म्हणताना माझ्या तोंडातून चिखल आला.

निष्कर्ष: विजय.

५ ऑक्टोबर.

शवविच्छेदन. पिस्टनवर झडपेचा चंद्रकोरीचा ठसा. क्रँककेस, म्हणजे इंजिनचा खालचा डबा, फुटला आहे. बेस सर्कल जुनंच धरलं होतं.

सयाजी म्हणाला, डिझाइन चुकलं व्हय, मॅडम? मी म्हणाले, पूजेमुळे तपासणी राहिली. तो म्हणाला, बराबर.

निर्णय: नवीन क्रँककेस मिळेपर्यंत सांगाडा शंभूकडे ठेवायला द्यायचा. माझ्या अटीवर. तात्पुरता. सिमेंट अजिबात चालणार नाही, हे त्याला स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, व्हय तायडे. आवाजात विजय नव्हता. हे मला आवडलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार. महाबळेश्वर.

सिमेंट आहे.

बातमी आईकडून कळली होती. म्हणून पिशवीत चार किलोची हातोडी आणि छिन्नी घेऊन पहिल्या एसटीने आले. योजना: आधी गेट, मग पाया, मग शंभू.

गेटवर बुलेट उभी होती. चाकं अर्धी सिमेंटमध्ये. हँडलला लाल प्लॅस्टिकच्या स्ट्रॉबेऱ्या. इंजिनच्या जागी पत्र्याचा रंगवलेला खोका. वर आबा बसले होते, पलटणीची टोपी घालून. चार दिवस झाले म्हणे, तिथेच राहतात. शंभूने खोली दिली आहे. पुढे टाकीवर कुठल्याशा पर्यटकांची पोर बसवलेली, आणि आबा डोळे मिटून तोंडाने आवाज काढत होते. डग. मग थांबून, डग.

मी मोजलं. सवय आहे. मधलं अंतर बरोबर होतं. तंबाखू मळून झाली असती.

आबांनी डोळे उघडले. राजे, ऐकलंस? आता बंद पडत न्हाई.

पोरीची आई म्हणाली, सो क्यूट. हातोडी पिशवीतून अर्धी बाहेर आली होती. शंभू मोबाइल घेऊन आला. माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. त्याच्या नडगीला अजून पट्टी आहे. म्हणाला, तायडे, मागं बस, फोटो काढतो.

बसले.

फोटो नीट आलेला नाही. पिशवी खांद्यालाच राहिली होती, त्यामुळे मी एका बाजूला कललेली दिसते. बाकी दोघंही सरळ बसलेले आहेत.