जिवापाड जपलेली गाडी

सोमवार, ३

लेकीकडे राहायला येऊन आठवडा झाला. नुसतं बसून खाणं अंगी लागेना, म्हणून जावयांना म्हटलं, तुमच्या जुन्या गाड्यांच्या शोरूममध्ये मला काहीतरी काम द्या. चाळीस वर्षं गाड्यांच्या सीटा शिवल्या, हात अजून शाबूत आहेत. जावई म्हणाले, बाबा, लोक म्हणतील सासऱ्याला राबवतो. लेक म्हणाली, राबवाच, घरी बसून माझा मिक्सर खोलून ठेवतात. आज रुजू झालो.

पहिलीच माझ्या वाट्याला आली ती एक ग्रँड टूरर. दोन दारांची, लांब नाकाची, दूरच्या सफरीसाठी बांधलेली. वय बारा वर्षं, पण चाललीय जेमतेम नऊ हजार किलोमीटर. गर्द निळ्या रंगावर ओरखडा शोधून सापडायचा नाही. आतलं कातडं सायीच्या रंगाचं, इतकं मऊ की मला काही काम उरू नये. तरी मेण आणि तेलाचं माझं मलम तासभर उघड्या तळहातानं चोळलं. विक्रीवाला, ज्याला इथे सगळे टायशेठ म्हणतात, हातमोजे घाला म्हणून मागे लागला होता. मी सांगितलं, कातड्याला माणसाच्या हाताची ऊब लागते, रबराची नव्हे. आजवर हातमोजा घातला नाही, आता कुठे लग्नाला उभं राहायचंय.

मंगळवार, ४

कालचं मलम सीटा पिऊन बसल्यात. पुन्हा चोळलं, तेही गेलं. बरं वाटलं, लेकराला भरवल्यासारखं.

फक्त एक वास येतो. बंद खोलीत दोन दिवस झोपलेल्या माणसाच्या काखेला येतो तसला. टायशेठला हुंगायला लावलं तर म्हणतो, काका, हा अस्सल कातड्याचा वास, याच्यासाठीच तर लोक वेडे होतात. अस्सल कातडं मी जन्मभर हुंगलंय. ते मेलेलं असतं.

गुरुवार, ६

ड्रायव्हरच्या सीटची कडेची शिवण फुगली होती. अंगठ्यानं दाबली तर आतून पिवळट, दाट असं काहीतरी वळवळत बाहेर आलं. पिकलेल्या फोडातून येतं तसं. कोमट होतं. फडकं फेकून दिलं, हात चारदा धुतले, तरी घाण नखांत राहिलीच. जेवताना तो हात तोंडाशी नेववेना. डाव्या हातानं चमच्यानं दोन घास ढकलले.

पंखा लावला तर सीटवर काटा आला. हाताला नव्हे, सीटला. बारीक पुटकुळ्या, आणि प्रत्येकीत एक केस.

शुक्रवार, ७

आधीच्या मालकाचा मुलगा कागदांवर सही करायला आला होता. गाडी इतकी कमी कशी चालली म्हणून विचारलं. म्हणाला, वडील चालवत नसत, नुसते तीत बसत. आधी जेवण झाल्यावर तासभर, मग दिवस दिवस. हातानं सीटा चोळत बसायचे. हॉस्पिटलात नेलं तेव्हा पाठीला कातडं उरलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, किती महिने अंथरुणाला खिळून होते? एक दिवसही नाही, असं सांगताना त्यानं गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरी येऊन माझा तळहात पाहिला. रेषा नाहीत. उकडून सोललेल्या अंड्यासारखा गुळगुळीत, ओलसर.

शनिवार, ८

रेषा गाडीच्या सीटवर, डोकं टेकायच्या उशीवर उमटल्यात. चष्मा लावून पाहिलं. अंगठ्याजवळचा माझा भाजल्याचा डागही तिथंच—

आणि जावयांनी गाडी विकायचं रद्द केलं. लेकीला वाढदिवसाला देणार. मी सगळं सांगितलं, हात दाखवला. ते म्हणाले, मलम बाधलं असेल, सोमवारी डॉक्टरकडे जाऊ. लेक म्हणाली, जन्मात एक चांगली गाडी मिळतेय तर बाबांना तिच्यात पू दिसतोय.

मग ती आत बसली. चपला काढून, गाल सीटला टेकून. किती ऊबदार आहे म्हणाली. उठताना दंड पटकन सुटला नाही. ओला आवाज आला. तिला काहीच कळलं नाही. सीटवर गुलाबी पट्टा राहिला. माझ्यादेखत तो आत जिरला.

मी तिथेच ओकलो.

रविवार, ९, दुपार

शोरूम बंद. कातडं कापायचं पातं घेऊन आलो होतो. एक काप दिला— पिवळं आलं, कोमट— आणि काप मिटला. ओठ मिटावेत तसा.

फाडून भागायचं नाही. गावाबाहेर दगडाची जुनी खाण आहे, पाण्यानं भरलेली. पहारेकऱ्याला म्हटलं, एक फेरी मारून आणतो. अंगावर दोन रेनकोट, हातात मोजे. काठावर गाडी थांबवायची, हाताचा ब्रेक सोडायचा, उडी मारायची.

काठावर आलोय. वही खिशातच होती—

उठता येत नाही. रेनकोट विरघळलाय पाठीवर. तोंडात गाडीची चव येते, खारट, तुपकट. दुखत नाही. सगळ्यात किळस याचीच, की दुखत नाही. कुणीतरी पाठ चोळतंय, सावकाश. बसूनच राहावंसं—

नाही. लेक.

उजवा हात गेला. डाव्यानं लिहितोय. ब्रेकपर्यंत तोच पोचेल—

आरशात जावयांची गाडी. पहारेकऱ्यानं कळवलं असणार. लेक उतरलीय. अनवाणी धावतेय, मला ओढून काढायला. ओरडून सांगायला गेलो, हात लावू नकोस, पण ओठ—

दाराशी आली. तिचा हात लागायच्या आत ब्रे