सुईणबाई सगळ्यांना चाटते

३ फेब्रुवारी

भुरीपण गाभडली! लागोपाठ तिसरी कुत्री. दिवस भरत आले होते, खाणंपिणं व्यवस्थित — आणि सकाळी कोपऱ्यात निर्जीव गोळे. एकच पिल्लू थरथरत होतं. ताईनं ते उचललं, त्याचं नाक तोंडात धरलं, आतला चिकटा ओढून थुंकून टाकला, पुन्हा ओढला. पिल्लू चक्क ओरडलं! लहानपणापासून बघतेय ताईचं हे, तरी दर वेळी अंगावर काटा येतो. दुपारी ते गेलंच. ताई जेवली नाही.

मग सुईणबाईला भुरीपाशी सोडलं. केनेलमधली सगळ्यांत थोरली कुत्री. कोणी व्याली, कोणी गाभडली, की हिला शेजारी बसवायचं, ही बाबा होते तेव्हापासूनची रीत. तिनं भुरीला पुढून-मागून चाटून लख्ख केलं. भुरी तिच्या मानेत तोंड खुपसून झोपली. एवढी समजूत माणसाला नाही घालता यायची!

५ फेब्रुवारी

कुत्र्यांचे डॉक्टर आले, सगळ्यांचं रक्त घेऊन गेले. माझा संशय नव्या नरावर. तो आला आणि हे सुरू झालं! ताई म्हणते, "त्या मुक्या जिवावर कशाला डूख धरतेस?"

ताईला संध्याकाळी परत कणकण. गुडघेही धरलेत. "दगदग गं, दुसरं काय!"

९ फेब्रुवारी

आज बघितला! डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकात रोगाचा जंतू दाखवला. ब्रुसेला. गुलाबी ठिपके, डब्याच्या तळाशी उरलेल्या पिठीएवढे. हलत नाहीत, काही नाही. मी डोळा काढला, परत लावला. एवढंसं! आणि यानं तीन कुत्र्यांच्या पोटांतली पिल्लं खाली पाडली! भीती वाटायला हवी होती, पण मी आ वासून बघतच बसले. डॉक्टर हसले.

नर स्वच्छ निघाला. गाभडलेल्या तिघींच्या रक्तात रोग आहे. आणि सुईणबाईच्या.

"ती गाभडलेलीला चाटते, मग पुढच्या गाभणीला चाटते," डॉक्टर म्हणाले. "तिला स्वतःला काही झालेलं दिसत नाही."

म्हणजे आम्हीच तिला जाळी-जाळीतून फिरवलं. ती बिचारी माया करत होती!

१० फेब्रुवारी

जोरदार भांडण. डॉक्टर म्हणाले, औषधानं दबतो, पुरता जाईलच असं नाही, चौघींना इंजेक्शन देऊन कायमचं झोपवलेलं बरं. मी हो म्हणून टाकलं. १७ तारखेला येतील.

ताई — "मागच्या खोलीत राहतील चौघी. मी करीन त्यांचं."

मी — "रोग घरात ठेवून केनेल चालतं का? बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

ताई — "आणि सुईणबाईनं काय मारलंय?"

तेव्हापासून अबोला. माझंच बरोबर आहे. तरी रडू येतंय, काय करू!

१२ फेब्रुवारी

सुईणबाईला वेगळं ठेवलंय. जाळीतून माझा हात चाटायला आली. मी हात झटकन मागे घेतला. ती शेपूट हलवतच राहिली.

१३ फेब्रुवारी

कुत्र्यांचे डॉक्टर म्हणाले, हा माणसालाही होतो, तुम्हीही रक्त तपासून घ्या. दोघी जाऊन देऊन आलो.  अबोला होता, तरी माझ्या हातावरचा कापूस ताईनंच धरला, नेहमीसारखा.

१६ फेब्रुवारी

आमच्या डॉक्टरांचा फोन. माझं रक्त स्वच्छ. ताईच्या रक्तात ब्रुसेला!

माणसाचा बरा होतो म्हणाले, पण औषध पुष्कळ दिवस घ्यावं लागेल.  ताई ऐकून घेऊन शांतपणे म्हणाली, "मग माझीही पथारी मागच्या खोलीत टाक. का मलाही उद्याच झोपवायचंय?"

आणि हसली!

कुत्र्यांच्या डॉक्टरांना फोन केला. उद्या येऊ नका म्हटलं.