सासऱ्यांची थरथर आणि माझी डबी

२ मार्च
सासऱ्यांनी मोर्सने संदेश पाठवायचा त्यांचा हॅम रेडिओ बंद केला. आजारपणापासून हात थरथरतो, मोर्सचे ठिपके-रेघा वेड्यावाकड्या उमटतात. सेट कुणाला तरी देऊन टाका म्हणाले. रोज सकाळी दूरच्या एका दाढीवाल्या मित्राशी टकटकीत गप्पा व्हायच्या. दोघांनी एकमेकांचा आवाजही ऐकलेला नाही, ओळख ती ठोकण्याच्या ढंगावरूनच. मला बघवेना. जाहीर केलं : मायक्रोकंट्रोलरचा कीअर, म्हणजे मोर्स ठोकणारी डबी, बनवतो. डावीकडे बोट लावलं की ठिपका, उजवीकडे लावलं की रेघ, आपोआप! रविवारपर्यंत तयार. हिने दाराच्या बेलची आठवण करून दिली. बेल अजून वायरला लोंबकळतेय, पण तो विषय वेगळा.

९ मार्च
रविवार गेला. सामान उशिरा आलं. शिवाय टेबलक्लॉथ फारच ज्वलनशील निघाला.

या घरात हिच्यासकट सगळ्यांना मोर्स येतं, मला नाही. शिकायची गरजही नाही. प्रोग्रॅमला येतं तेवढं बास.

१५ मार्च, सकाळी
चालला! फक्त डावीकडे रेघ येते, उजवीकडे ठिपका. ही नवी पद्धत आहे, असं सांगितलं. कुकरची शिट्टी होईपर्यंत हिने दोन वायरी उलटसुलट केल्या. मी तेच करणार होतो.

संध्याकाळी
सासऱ्यांचं बोट थरथरल्याने एका ठिपक्याचे चार होतात. प्रोग्रॅममध्ये सोय केली. आता थरथर मोजलीच जात नाही, साफ पुसून टाकली. स्वतःचंच कौतुक वाटलं. दुसरं कोणी करत नव्हतं.

२२ मार्च, सकाळी
सासरे सेटवर बसले. छापल्यासारखं मोर्स! त्यांचे डोळे भरून आले. माझेही. पलीकडून दाढीवाल्यांनी विचारलं म्हणे, कोण बोलतंय? सासऱ्यांनी नाव कळवलं. पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा नाव. मग पलीकडे एकदम सामसूम. क्वालिटी ऐकून माणूस थक्क झाला असणार.

दुपारी
दाढीवाल्यांचा सासूबाईंना फोन. रडत होते. वहिनी, कधी गेले हो, आणि त्यांच्या सेटवर कोण मेला त्यांचं नाव सांगत बसलाय?

'मेला' म्हणजे मी. किंवा डबी.

सासूबाईंनी फोन स्पीकरवर टाकून सासऱ्यांकडे दिला. अरे, जिवंत आहे मी, असं ते ओरडले. पण आवाजावरून ओळखणार कसे? शेवटी सासऱ्यांनी मोर्स ठोकायची जुनी पितळी 'की' काढली, फोन तिच्याजवळ धरला आणि थरथरत्या हाताने ठोकू लागले. पलीकडून आधी हुंदका, मग हसू. हात थरथरतोय, पण तुझाच आहे, दाढीवाले म्हणाले. इतके दिवस मी याचीच वाट बघत होतो रे.

सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या. मला कुठे बघावं कळेना. डबीकडे बघत राहिलो.

२३ मार्च, सकाळी
सासरे पुन्हा सेटवर. जुन्याच कीवर. सेट द्यायचा विषय संपला. म्हणजे माझा प्रकल्प यशस्वीच म्हणायचा. प्रोग्रॅममध्ये थरथर परत घालून देऊ का, असं विचारलं. ही म्हणाली, आधी बेल.

मग सासऱ्यांनी माझ्याकडे बघत बघत दाढीवाल्यांना बरंच काही ठोकलं. सासूबाई हसल्या. ही तर हसून हसून खुर्चीतच बसली. काय कळवलं, ते सांगायला कोणी तयार नाही.

कौतुकच असणार.