पिकगार्डखालची वायर

जवळा बाजार,
मंगळवार, दुपार

प्रिय अफरोज,

पत्र बघून तू दचकशील. कळमनुरी इथून असं किती लांब, आणि खिशात फोन असताना हा विसू कागद काळे करत काय बसलाय, असं म्हणशील. पण फोनवर मला अजून अर्धंच ऐकू येतं, आणि अर्धं ऐकून भांडता येत नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. परवापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. काल एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला मी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. तीस वर्षांच्या शिलाईकामात असं कधी झालं नव्हतं.

आधी चांगली बातमी सांगून टाकतो. हिंगोलीच्या शिबिरात मला कानाचं यंत्र मिळालं. पहिल्या दिवशी भांड्यांचा एवढा आवाज ऐकला की मी तुझ्या साधनावहिनीला विचारलं, रागावली आहेस का. ती म्हणाली, "मी रोज अशीच घासते." त्याच आठवड्यात तुझा फोन आला, लेकीच्या, मुन्नीच्या मेंदीला गिटार घेऊन ये म्हणून. आपली मेलडी पार्टी बंद पडून पाच वर्षं झाली, तरी मी लगेच पेटी उघडली. गिटार पुसली, लेकानं पुण्याहून पाठवलेल्या छोट्या स्पीकरला लावली, आणि आवाजच नाही. बटणं फिरवली, बाहेरची वायर बदलली, तरी गप्प. मला वाटलं, पिकअप गेले. तारांची थरथर पकडून स्पीकरकडे धाडणारे ते तीन चुंबक पाच वर्षं पडून खराब झाले असतील, असा हिशेब करून मी ऑनलाइन नवे मागवले.

रविवारी सकाळी कामाला बसलो. तारा काढल्या, अकरा स्क्रू काढले आणि गिटारच्या पोटावरचं ते पांढरं प्लॅस्टिकचं पिकगार्ड उचललं. पिकअप त्यालाच खालून कसलेले असतात. उसवण्याआधी खुणा करायची आपली सवय, म्हणून आधी फोनवर फोटो काढला. एक स्प्रिंग उडून मशीनखाली गेली, ती शोधण्यात अर्धा तास गेला. नवे तिन्ही पिकअप पिकगार्डवर छान बसले आणि मी खुशीत होतो. फक्त वायरींना डाग द्यायचं, सोल्डरिंगचं काम उरलं होतं, म्हणून सगळं घेऊन बसस्टँडजवळच्या चाँद पाशाकडे गेलो. तो मोबाइल दुरुस्त करतो. त्यानं जुन्या पिकअपना मीटर लावून बघितलं आणि म्हणाला, "काका, हे काहून बदलून राहिले? जुने तिन्ही ठणठणीत हायेत. ही वायर कापलेली हाय बघा."

पिकगार्डखालून, स्पीकरची वायर खोचतात त्या बाहेरच्या खोबणीकडे जाणारी वायर सरळ कापलेली होती. दोन्ही टोकं दुमडून, चिकटपट्टीत नीट गुंडाळून ठेवलेली. आपोआप तुटलेली वायर कुणी अशी गुंडाळत नाही. आणि पट्टी पिवळी होती, अफरोज. आपल्या पार्टीत माइकच्या दांड्यापासून ढोलकीच्या पेटीपर्यंत पिवळी पट्टी कोण लावायचं? चाँद पाशा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हटलं, मीच कापली होती, विसरलो.

घरी येईपर्यंत मला एकेक आठवत गेलं. दोन हजार चौदाचा उन्हाळा. गिटार खरखर करते म्हणून तू दोन दिवस घेऊन गेलास आणि आणून देताना म्हणालास, "विसू, आता खरखर न्हाई येणार बघ." आली नाही. कशी येणार? घरी मी स्पीकरशिवाय वाजवायचो आणि स्टेजवरची आवाजाची तपासणी तूच करायचास. मी बटण वाढवलं की तू मान डोलवायचास, आणि आवाज खरंच वाढायचा. कळमनुरीच्या त्या लग्नात नवरदेवाच्या आजोबांनी मला खाली बोलावून हार घातला. मी त्यांना ऐटीत म्हणालो, बोटांची मेहनत आहे. तू मागे कीबोर्डवर गिटारचा सूर लावून, मान खाली घालून बसला होतास. ते आठवलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा वर्षं मी दुकानाच्या काचेतल्या पुतळ्यासारखा झगमगीत कोट घालून उभा होतो.

साधना तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर तुला नको ते बोललो, मित्र म्हणायच्या लायकीचा नाहीस इथपर्यंत बोललो. तिनं सूप खाली ठेवलं. "अफरोजभाईनी मलाच विचारून केलं व्हतं ते," ती म्हणाली. "त्याच्या आधी हट्टा गावच्या लग्नात लोक तुमाला हसून राहिले व्हते. तुमाला वाटलं निवेदकाला हसले. पार्टीतले सगळे म्हणत व्हते, याला काढा. भाई म्हणाले, विसू न्हाई तर मी बी न्हाई." अकरा वर्षं एका घरात राहून तिनं मला हे कळू दिलं नाही. तुझ्यापेक्षा तिचा धक्का मोठा होता.

तरी माझी खुमखुमी जाईना. चाँद पाशाकडून काल वायर जोडून आणली, कानात यंत्र घातलं आणि वाजवलं. गिटार वाजली, खणखणीत वाजली. मीच वाजलो नाही. बोट अर्ध्या मात्रेनं उशिरा पडत होतं आणि तार खेचली की सूर भलतीकडे जात होता. पुन्हा पुन्हा वाजवून बघितलं. हट्ट्याचे लोक का हसले ते मला काल समजलं.

तर भांडण असं, की तू मला सांगायला हवं होतंस. मी चार दिवस अबोला धरला असता, पण तुझ्यासमोर असा उघडा पडलो नसतो. हे मी तुला माफ केलंय की नाही, मला अजून माहीत नाही. आणि तू उपकार केलेस की अपमान, तेही कळत नाही. पण मुन्नीच्या मेंदीला मी येणार. कोट इस्त्री करून ठेवलाय. आज सकाळी पिकगार्ड पुन्हा उघडलं आणि ती वायर कापली, या वेळी माझ्या हातानं. तू गिटारचा सूर कीबोर्डवर लावून ठेव आणि नेहमीसारखा मागे बस. मी कानात यंत्र घालून पुढे उभा राहणार आहे. सहा वर्षं माझ्या नावावर तू काय वाजवत होतास, ते मला एकदा नीट ऐकायचं आहे.

तुझाच, रागावलेला,
विसू