डिंडोलीचे घर, दोन फुटी टाकी आणि लखन

मी, वत्सला सुकदेव बोरसे, वय बावन्नच्या आसपास, मूळ राहणार अमळनेर तालुका, सध्या राहणार डिंडोली, सुरत, हे मृत्युपत्र माझ्या हाताने व माझ्या मर्जीने लिहीत आहे. शरीर साथ देत नाही. डॉक्टरांनी पोटातल्या गाठीचे नाव घेतले नाही आणि मीही विचारले नाही. डोके मात्र ठिकाणावर आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही. दाखवणारे होते ते गावाकडे आहेत.

मृत्युपत्र करण्याचे कारण असे. मला पोटचे मूल नाही. मी असेच डोळे मिटले तर कायद्याप्रमाणे हे घर माझे दीर सखाराम लोटू बोरसे यांच्याकडे जाईल. तसे होऊ नये.

१. डिंडोलीचे राहते घर, खाली एक खोली व स्वयंपाकघर, वर पत्र्याची खोली, हे यजमानांनी पलसाण्याच्या प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, रंग कालवून, जादा पाळ्या करून घेतले आणि माझ्या नावावर केले. हे घर मी माझा मुलगा लखन यास देत आहे. 'मुलगा' या शब्दावर वकीलसाहेब अडले. म्हणाले, "बाई, दत्तकविधी नाही, कागद नाही. पुतण्या लिहा, पुढे त्रास होणार नाही." म्हणून खुलासा करते: लखन हा सखाराम व सरलाबाई यांच्या पोटी जन्मलेला, सध्या सुरतेजवळच्या सचिन गावी सुताच्या कारखान्यात नोकरीस असलेला. ओळख पटण्यास एवढे पुरेसे आहे. शब्द मी बदलणार नाही.

२. लखन आमच्याकडे कसा आला व कसा गेला, हे लिहून ठेवणे जरूर आहे, कारण गावाकडे वेगळे सांगितले जाते. लखन हा सरलाबाईंचा दुसरा मुलगा. त्याच्या जन्मानंतर त्या आजारी होत्या आणि घरात खाण्याची ओढाताण होती. रांगता पोर त्यांनी आपण होऊन माझ्या ओटीत घातला. सुरतेत तो वाढला. शाळेत गुजराती बोलायचा, घरी आमची अहिराणी. मला आई म्हणायचा. तो अकरा वर्षांचा झाला त्या वर्षी गावी त्यांचा थोरला विहिरीत बुडाला. सुतक फिटल्यावर दोघे सुरतेला आले आणि म्हणाले, पोराला घेऊन जातो. मी दारात आडवी झाले. सरलाबाई म्हणाल्या, "आम्ही पोऱ्या सांभाळाले दिना व्हता, इकी नही टाका." सांभाळायला दिला होता, विकला नव्हता. यजमानांनी भावाला अडवले नाही. लखनने खिडकीचा गज धरला होता. त्याची बोटे सखारामभाऊंनी एकेक करून सोडवली. गावी त्याला शिकवले गेले की ती काकू आहे. तो आजही मला काकू म्हणतो. मी ते कधी दुरुस्त केले नाही.

३. काचेची दोन फुटी टाकी, हवेचा पंप, स्पंजचे फिल्टर, झाकण व दिवा, आतील मासे, हेही लखनला. यांची हकीकत सांगते.

लखन गेल्यावर मी चूल पेटवायची आणि तिच्यापुढे बसून राहायची. यजमान घाबरले. त्यांनी ही टाकी आणली. मी म्हटले, "पोर गेलं म्हणून मासे आणलेत?" ते पंपाची नळी जोडत राहिले. पहिले सोनमासे होते, मोठ्या जातीचे. एवढ्याशा पाण्यात ते मेले. मी रिकामी टाकी ओट्याखाली ढकलली. यजमान मला जबरदस्तीने चौक बाजारात ठाकोरभाई राणा यांच्या दुकानी घेऊन गेले. ठाकोरभाई म्हणाले, "बेन, नानी टांकीमां मोटी माछली ना रखाय." छोट्या टाकीला छोट्याच जातीचे मासे हवेत. त्यांनी क्रिब नावाचे मासे दाखवले, बोटाएवढे. नर लांबट, मादी आखूड आणि गोल, पोटावर पिकल्या जांभळासारखा डाग. सर्वांत रंगीत नर एका टाकीतून आणि सर्वांत रंगीत मादी दुसऱ्या टाकीतून मी बोटाने दाखवली. ते नाही म्हणाले. एकाच टाकीत वाढलेल्या पिलांतून जी दोघे आपणहून एका कोपऱ्यात राहतात, इतरांना हाकलतात, तीच न्यावीत. मी दुकानात स्टुलावर बसून पाहत राहिले. पुष्कळ दिवसांनी मी काहीतरी पाहत होते, असे यजमान नंतर म्हणाले.

तापीची जाडसर वाळू धुऊन घातली. मातीचे बोळके आडवे ठेवले, तोंड भिंतीकडे. मादीला त्यात शिरता येईल आणि दुसऱ्याला सहज येता येणार नाही, एवढीच वाट. तिने आतल्या छताला अंडी चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून ती खाल्ली. पुन्हा घातली, पुन्हा खाल्ली. मी ठाकोरभाईंना म्हटले, "असे मासे मला नकोत. परत घ्या." ते म्हणाले, "बेन, एमने बीक लागे छे. बीक लागे एटले खाई जाय." त्यांना भीती वाटते, म्हणून खातात, येता-जाता डोकावू नका. यजमानांनी कारखान्यातून बाद झालेले निळे कापड आणून टाकीच्या तीन बाजू झाकल्या. त्या खेपेला पिले जगली. मादी त्यांना घेऊन वाळूवरून फिरायची, नर मागे राहायचा. एखादे पिलू चुकले की तो त्याला तोंडात धरून आणायचा आणि घोळक्यात सोडायचा. ते पाहून मी रडले. लखन गेल्यानंतर तोवर रडले नव्हते.

हल्लीची जोडी त्यांच्याच वंशातली आहे. लखनने पाळायच्या गोष्टी: नळाचे पाणी लगेच घालू नये, बादलीत दिवसभर ठेवून मग थोडे थोडे बदलावे. सगळे पाणी एकदम कधीही काढू नये. पिले मोठी झाली की ठाकोरभाईंकडे द्यावीत, नाहीतर आईबापच त्यांना मारतात. मादी नराच्या अंगावर धावू लागली तर त्याला लपायला दुसरे बोळके द्यावे. दोघांतला एक मेला तर लगेच दुसरा आणून सोडू नये. उरलेल्याला काही दिवस राहू द्यावे.

४. शेजारी निंबाभाऊ यांस काही देत नाही. प्लेगच्या वर्षी सगळी सुरत पळत होती तेव्हा आमच्या गल्लीने धुळ्यापर्यंत टेम्पो ठरवला. यजमानांना रंगखात्याच्या वाफेने खोकला जडलेला, हे निंबाभाऊंना ठाऊक होते. तरी आमचे गाठोडे त्यांनी खाली ठेवले. "वहिनी, राग मानू नका, पण लहान लेकरं आहेत." लेकरे होती हे खरे. त्यांनी नेलेली आमची लोखंडी शिडी मात्र अजून त्यांच्या गच्चीवर आहे, ती परत आणावी.

टेम्पो गेल्यावर गल्लीत कुत्रीसुद्धा दिसेनात. दोघांनी दार लावून घेतले. यजमान खोकायचे आणि मी त्यांच्या तोंडावर पदर धरायची, कोणी ऐकायला नव्हते तरी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दार वाजले. लखन उभा होता. पंधरा वर्षांचा, ओठावर लव आलेली, तोंडाला रुमाल. सुरतेहून सुटणाऱ्या गाड्यांना लोक लटकत होते आणि सुरतेकडे येणाऱ्या गाडीत तो जवळजवळ एकटा होता.

मी म्हटले, "परत जा. इथे मरशील."

तो म्हणाला, "काकू, सरका. आत येऊ द्या."

त्याने साथ सरेपर्यंत आमचे पाणी भरले, औषधाच्या गोळ्या आणल्या. डासांच्या अळ्या गाळून माशांना घातल्या. प्लेग आम्हाला झालाच नाही. यजमान पुढच्या उन्हाळ्यात त्याच खोकल्याने गेले. अश्विनीकुमार घाटावर सखारामभाऊ अग्नी द्यायला पुढे झाले. लखन म्हणाला, "बापू, तुम्ही मागे व्हा." ते झाले.

५. यजमानांचा रंग मोजायचा पितळी तराजू लखनला. त्याने रंगखात्यात नोकरी करू नये, ही यजमानांची इच्छा होती. माझ्या गळ्यातली पोत लखनच्या बायकोसाठी आहे. ती कोण असेल ते मला दिसणार नाही. तिला टाकी आवडली नाही तर लखनने भांडू नये, ठाकोरभाईंना बोलवावे. पोस्टातली शिल्लक माझ्या क्रियाकर्माला लागेल तेवढी लावावी, उरली तर लखनची.

६. सरलाबाई यांस वस्तुरूपाने काही देत नाही. गेल्या महिन्यात त्या भेटायला आल्या. लखनने सांगितले असावे. टाकीसमोर बसल्या, माझ्याकडे पाहीनात. मग म्हणाल्या, "एक गया. माले भेव वाटना, वत्सला." मी चहा ठेवला. माफ केले असे मी म्हटले नाही आणि या कागदातही लिहीत नाही. त्यांनी कपबशी स्वतः धुऊन ठेवली आणि संध्याकाळच्या गाडीने गेल्या.

७. मला गावी नेऊ नये. अग्नी लखनने द्यावा. बाराव्याला सरलाबाईंना बोलवावे आणि बायकांत न बसवता त्यांना लखनशेजारी बसवावे. कोणी विचारले तर पोराची आई आहे असे सांगावे. हे कलम लिहायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

वरील मजकूर वाचून, समजून, खाली सही करीत आहे.

(सही) वत्सला सुकदेव बोरसे

बाईंनी आमच्या देखत सही केली व आम्ही त्यांच्या देखत:

१. ठाकोरभाई मगनभाई राणा, चौक बाजार, सुरत (सही गुजरातीत)
२. शोभाबाई विठ्ठल राऊत, डिंडोली (सही)

स्थळ: डिंडोली, सुरत
दिनांक: ९ फेब्रुवारी १९९९