रविवारी उघडं राहिलेलं झाकण

३ मार्च, मंगळवार

सरांनी आज त्या नव्या मुलीला सगळ्यांसमोर "आमचं शेंडेफळ" म्हटलं! येऊन सात महिने नाही झाले बाईला. मी आठ वर्षं या प्रयोगशाळेत टोमॅटोची पानं वाटतेय, मला "बरं झालंय" म्हणायला यांची जीभ झिजते. कायमच्या नोकरीची जागा एकच आहे. ती कुणाला मिळणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

५ मार्च, गुरुवार

तिच्या रोपांचे लाड बघवत नाहीत. पाणी तुटलं की टोमॅटो पानातलं पिवळं-केशरी रंगद्रव्य तोडतो, त्यातून पायरी-पायरीनं एक संप्रेरक बनवतो. ते बनलं की पानाची छिद्रं मिटतात, ओल आत राहते. तिच्या वाणात शेवटची पायरीच बिघडलेली — संप्रेरक नाही, छिद्रं सताड उघडी! म्हणून कायम प्लास्टिकच्या झाकणाखाली, दमट हवेत. बियांवर किरण सोडून दोनशे रोपं केलीत, एखादं तरी सुधारेल म्हणे. "आधी बी धरू द्या, मगच झाकण काढायचं," ही सरांची ताकीद.

सर रोज तिथे डोकावतात. माझ्या ट्रेकडे? नाव नको.

८ मार्च, रविवार

पाण्याची पाळी माझी. संध्याकाळी काचघरात तिच्या रोपांवरचं झाकण उचललं. परत ठेवलं नाही.

विसरले नाही — इथे तरी खोटं कशाला लिहू?

९ मार्च, सोमवार

रोपांनी माना टाकल्या! ती रडली नाही. ओठ चावत एकेक रोप बघत राहिली. मला बरं वाटलं. दुपारी डबा मात्र उघडवेना.

एकच रोप ताठ उभं. साधं बी मिसळलं असणार, दुसरं काय!

१३ मार्च, शुक्रवार

मिसळलेलं नाही. तपासलं — वाण तेच. आणि पानात संप्रेरक आहे! बिघडलेल्या पायरीला त्यानं कुठूनशी आडवाट काढलीय.

सरांनी टेबलावर थाप मारली. "झाकण कुणी उघडं ठेवलं? पाठ थोपटतो त्याची!"

मी तोंड उघडणार, तोच ती — "मीच, सर. रविवारी संध्याकाळी."

भामटी! पाप माझं, पुण्य हिच्या पदरात! जळून खाक झाले. आणि बोलू काय? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

१८ मार्च, बुधवार

जागा तिला. टाळ्या मीही वाजवल्या, सगळ्यांत जोरात.

१९ मार्च, गुरुवार

सगळे गेल्यावर ती माझ्या टेबलाशी आली. त्या रोपाची फांदी कुंडीत लावून आणलेली.

"ताई, रविवारी मी काचघराबाहेर उभी होते. तुम्ही गेलात, मग आत आले. झाकण हातात घेतलं होतं... कुठलं रोप तग धरतं, ते मलाही बघायचंच होतं हो. सरांना विचारायची हिंमत नव्हती."

आणि रोपांवर न घालताच तिनं ते झाकण परत खाली ठेवलं होतं.